सहीतला डी

आमच्या शांती नगरच्या इमारतीत प्रत्येकाला वाटतं, साळवीकाका आपल्याला चोर समजतात. तसं ते समजतातच. दशरथ साळवी एकतीस वर्षं एका सहकारी बँकेत चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून बघत होते. आता दूधवालासुद्धा कालच्यासारखाच दिसतोय ना, हे ते आधी बघतात. आपल्या हाताखालून एकही खोटी सही सुटली नाही, हा त्यांचा एकच अभिमान, आणि तो ते कुणाला विसरू देत नाहीत.

त्यांची मुलगी रसिका नोकरीच्या तीन मुलाखतींत नापास झाली. मग मैत्रिणीने तिला गुणवंतसरांच्या क्लासला नेलं. साडीच्या दुकानाच्या वर एका खोलीत हे सर लोकांच्या सह्या दुरुस्त करतात. सही वर चढती ठेवा, खाली रेघ ओढा, नशीब पालटतं म्हणे. मला ऐकूनच लबाडीचा वास आला. आमच्या सेक्रेटरींची सही चढत चढत कागदाबाहेर जाते, पण लिफ्ट अजून दुसऱ्या मजल्यावर अडकतेच.

एका सकाळी रसिकाने कुरियरच्या कागदावर सही केली आणि काका सवयीने डोकावले. 'आर साळवी'. मधला डी नव्हता.

"डी कुठे गेला गं?"

"सर म्हणाले, मधलं अक्षर मागे खेचतं. ते काढलं की माणूस मोकळा होतो."

डी म्हणजे दशरथ. काका नंतर जिन्यात भेटले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

चार दुपारी बसून त्यांनी मुलीची नवी सही गिरवली. शनिवारी तो कागद घेऊन ते क्लासला गेले. "रसिकाने पाठवलंय, तपासायला."

सरांनी चष्मा लावला. "देखो काका, क्या कॉन्फिडन्स है! पोरगी एकदम मोकळी झालीय. भीती संपली तिची."

"ही मी केलीय," काका म्हणाले आणि जिना उतरले.

मी विरजण मागायला त्यांच्याकडे गेले होते, तेव्हाच ते घरी आले. अख्खा प्रसंग त्यांनी रंगवून सांगितला. मी पोट धरून हसले. रसिका हसली नाही.

"बाबा, तुम्ही माझी खोटी सही केलीत?"

काकांनी सही गिरवायची वही मिटून मांडीवर घेतली.

"सर लबाड असतील. पण ती सही मला का हवी होती, ते विचारलंत कधी? मुलाखतीच्या फॉर्मवर सही करताना माझा हात कापतो. नव्या सहीला कापत नव्हता."

काकांनी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'तुझी सही पुन्हा करणार नाही. आधी तुला विचारीन.' खाली पूर्ण नावाने सही केली.

रसिकाने पान खिडकीपाशी नेलं. अगदी बापासारखंच, नाकाजवळ धरून बघितलं.

"ही तरी तुमचीच ना?"

काकांनी मान खाली घातली. "माझीच."

मग तिने पेन घेतलं, बापाच्या सहीखाली आपली सही केली आणि पान त्यांच्यापुढे ठेवलं. तीत डी होता की नाही, मला दिसलं नाही. काकांनीही बघितलं नाही. न तपासताच त्यांनी पानाची घडी घातली आणि खिशात ठेवली.