डोळेकाकांचं प्रवचन

त्यांना सगळे डोळेकाका म्हणत, कारण ते कृत्रिम डोळे बनवत. पांढऱ्या वाटीवर बुबुळ रंगवायचं, लाल रेशमाचे तंतू चिकटवून शिरा काढायच्या. हात असा बसलेला की खरा डोळा कुठला ते गिऱ्हाइकाच्या बायकोलाही सांगता येऊ नये.

महिन्यातून एका रविवारी काका चर्चमध्ये उपदेशाला उभे राहत आणि तीस वर्षं तेच सांगत, "न पाहणारा डोळा करायला मला आठ दिवस लागतात. मग पाहणारा काय आपोआप झाला?" पाळक त्यांचा मेव्हणाच. तो चिडवायचा, "दाजी, एवढ्याने माणूस फार तर देव आहे म्हणेल. ख्रिस्त कधी कळायचा त्याला? सुवार्ता सांगा की!"

"आधी दार तरी उघडू दे!" काका उसळायचे. या वादात कित्येक जेवणं निवली.

मग काकांच्या लेकीला मुलगी झाली, ती एका डोळ्याविना. वर्षाची झाल्यावर आजोबांनीच तिचा डोळा केला. बसवताना पोर कळवळून रडली, दोन्ही गालांवरून पाणी आलं. काकांनी सवयीने ते कापसाने टिपलं. डोळा नसला तरी पाणी येतं, हे त्यांच्या धंद्यातलं रोजचं.

"बाबा, हा डोळा तुम्ही केला," लेक म्हणाली. "ती रिकामी खोबण कोणी केली?"

काका हत्यारं आवरू लागले, तशी ती पुढे म्हणाली,

"मी रविवारी येईन. पण तेच प्रवचन सुरू केलंत तर उठेन, आणि पुन्हा चर्चची पायरी चढणार नाही."

काका तडक मेव्हण्याकडे गेले. "जिंकलास बाबा. आता तिला काय सांगू?"

"कसला जिंकतोय," मेव्हणा म्हणाला. "बारशाआधीच तिच्याकडे गेलो होतो मी. वधस्तंभापासून पुनरुत्थानापर्यंत सगळं सांगितलं. तिने चहा दिला आणि दार लावून घेतलं."

त्या रात्री दोघे वाद न घालता जेवले. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

रविवारी काका उभे राहिले. 

"मी डोळे करतो," ते म्हणाले. मागच्या बाकावर लेकीने पोरीला कडेवर घेतलं आणि पिशवी उचलली.

"परवा नातीला डोळा बसवला. ती रडली. जिथे डोळाच नाही, तिथूनही पाणी आलं. तीस वर्षं मी ते पाणी नुसतं पुसत आलो. खोबण रिकामी का, मला माहीत नाही. देवाच्या रचनेचं मी फार बोललो, तेव्हा अशा घरांचा विचार केला नाही. चुकलो. पण ज्याच्याकरवी सगळं घडलं, तोच ख्रिस्त मित्राच्या कबरीपाशी उभा राहून रडला, हे सांगायचं राहून गेलं होतं. आज यापुढे मला काही येत नाही."

ते खाली उतरले. आपल्या जागेवर न जाता सरळ मागे चालत गेले. मागच्या बाकाशी आले तेव्हा लेकीने पिशवी जमिनीवर ठेवली आणि सरकून जागा केली.

"बसा, बाबा," ती म्हणाली आणि पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं.