कंट्रोल रूमबाहेरची वही

नाना ड्यूटीवर झोपले होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बॉयलर बंद पडला होता, आतल्या दोन ट्यूब फुगल्या होत्या. ट्यूब फुगते ती आत पाणी कमी पडलं म्हणजे. आणि पाण्यावर नजर ठेवायचं काम नानांचं. संपला विषय!

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. जळगावबाहेर एका तेलाच्या कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनिअर होतो. बॉयलर म्हणजे वाफ करायचं मोठं बंद पातेलं. खाली आग, आत पाणी. पाणी आटलं आणि आग चालूच राहिली, तर पातेलं फुटतं आणि माणसं जातात. म्हणून तिथे सरकारी सर्टिफिकेटवाला माणूस लागतो, त्याला बॉयलर अटेंडंट म्हणतात. आमचे नाना तेच. धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे, पन्नाशी उलटलेले, दुसरं कोणतंही काम न येणारे.

बॉयलरपासून पन्नास पावलांवर आमची काचेची केबिन, म्हणजे कंट्रोल रूम. पंखा, टेलिफोन, भिंतभर मीटर. तिथे महाजन नावाचा डिप्लोमावाला ऑपरेटर दर तासाला लॉगशीट भरायचा. त्या सकाळी मीही तासभर तिथेच चहा पीत बसलो होतो. सगळे दिवे हिरवे होते.

शेठनी बोलावलं. "उद्या नाशिकहून बॉयलर इन्स्पेक्टर येतोय. मला नाव पाहिजे."

"नाना."

"खात्री?"

"शंभर टक्के. विचारल्याशिवाय आग ओढून टाकली त्यांनी. झोप उघडली असेल, पाणी दिसलं नसेल, घाबरले."

आमच्याकडे नियमच होता, कंट्रोल रूमच्या परवानगीशिवाय आग विझवायची नाही. प्रॉडक्शन थांबतं ना! इन्स्पेक्टरने ठपका ठेवला, की सर्टिफिकेट रद्द. मग नानांना खानदेशात काय, अख्ख्या राज्यात कुठल्या बॉयलरजवळ कोणी उभं केलं नसतं. हे मला माहीत होतं. तरी मी नाव सांगून मोकळा झालो.

पुरावा म्हणून मी लॉगशीट काढली. पाण्याच्या रकान्यात सातपासून प्रत्येक तासाला 'अर्धी काच'. बॉयलरला काचेची नळी असते, तीत पाण्याची पातळी दिसते. अर्धी काच म्हणजे उत्तम. पण बारा वाजताचीही नोंद अर्धी काच! बॉयलर बंद झाला साडेअकराला. माझं डोकंच फिरलं. नानांना केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"नाना, मला काय बावळट समजता? बाराचा आकडा आधीच सांगून ठेवला?"

"लॉग मी नही लिखत, साहेब. मी सांगस, आतला साहेब लिखस. पानी खाले जाई रायनं व्हतं, मी फोन कया व्हता."

मी महाजनकडे पाहिलं. तो म्हणाला, "नानांनी सांगितलं तसंच लिहिलं, सर."

महाजनला मीच निवडून घेतलेलं. माझा विश्वास कुणावर बसणार?

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. बुटके, चष्मेवाले, आवाज अजिबात न चढवणारे. लॉगशीट पाहून त्यांनी मलाच विचारलं, "या केबिनला कंट्रोल रूम का म्हणतात?"

"इथून सगळं ताब्यात राहतं, सर."

"तुम्ही सांगा, नाना. कंट्रोल म्हणजे काय?"

"रेशननं दुकान," नाना चाचरत म्हणाले. गावाकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात. महाजन फिसकन हसला.

"हसू नका, ते जास्त जवळ आहेत. हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला. 'कॉन्त्र' म्हणजे समोरचा, 'रोल' म्हणजे कागदाची गुंडाळी. पूर्वी हिशेबनीस एका गुंडाळीवर नोंद करायचा. तो लबाडी करेल म्हणून दुसरा माणूस तीच नोंद वेगळ्या गुंडाळीवर ठेवायचा. दोन्ही ताडून बघायच्या, हाच कंट्रोल. ताबा, हुकूम हे अर्थ मागाहून चिकटले. रेशनच्या दुकानात रजिस्टर असतं आणि तुमच्या हातात कार्ड असतं, तसंच. तुमच्याकडे दुसरी गुंडाळी कुठे आहे?"

मला वाटलं, माणूस ट्यूब बघायला आलाय की शिकवणी घ्यायला! पण ते सरळ पॅनेलकडे गेले आणि रेकॉर्डरचं झाकण उघडलं. रेकॉर्डरमध्ये कागदाचा रोल हळूहळू सरकतो आणि बॉयलरला किती पाणी जातंय त्याची रेघ पेन ओढत राहतो. आम्ही रोल बदलायचो, वाचत कधीच नव्हतो. त्यांनी तो जमिनीवर पसरला. अकराला रेघ सरळ. अकरा वाजून पाच मिनिटांनी धाडकन खाली. पंप चालू होता म्हणून दिवा हिरवा, पण पंपाची जाळी गच्च तुंबलेली, पाणी जातच नव्हतं.

"आता मी दखाडू का?" नानांनी पिशवीतून शाळेची एक जुनी वही काढली.

माझा संशय अजून जागाच. ही तर काल घरी बसून लिहिली असणार! पण वहीत कित्येक महिन्यांच्या नोंदी होत्या, तेलकट बोटांचे डाग पडलेल्या. इन्स्पेक्टरनी कालचं पान मोठ्याने वाचलं.

"अकरा पाच. पानी खाले. फोन कया. अकरा पंधरा. पानी दिखत नही. फोन कया. महाजन बोलना, मोठा साहेब आठेच बठेल शे, साहेब सांगस, तुले रोजच पानी कमी दिखस. अकरा पंचवीस. आग ओढी टाकी."

मोठा साहेब म्हणजे मी, तिथेच बसलेला.

आणि मला आठवलं. कप हातात होता, महाजनने रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं होतं, आणि मी हे अगदी हसत म्हणालो होतो. दुसऱ्या मिनिटाला विसरूनही गेलो होतो.

"हे वाक्य तुमचं?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

"माझंच, सर."

"त्यांनी तुमचा नियम मोडला नसता, तर आज मी पंचनामा करत असतो."

नानांचं सर्टिफिकेट शाबूत राहिलं. महाजनला न बघता लॉगशीट भरल्याबद्दल समज मिळाली. मला मेमो, आणि त्या वर्षीची इन्क्रिमेंट गेली. त्याची तक्रार नाही. शेठनी मात्र महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

संध्याकाळी मी बॉयलरवर गेलो. "नाना, चुकलं माझं. पण ही वही ठेवायचं तुम्हाला सुचलं कसं?"

"तुमना कोणानाच मन्हावर भरोसा नव्हता, म्हनीसन."

नानांनी पेन पुढे केलं. "आते जे बोलनात ते लिखी द्या, साहेब. खाले सही करा."

मी लिहिलं, सही केली, आणि वेळही टाकली. माणूस चांगला की वाईट हे मी तेव्हापासून आधी ठरवत नाही. दोन नोंदी मागतो, आणि त्यातली एक माझ्याविरुद्ध असली तर ती आधी वाचतो.