बाबाराव काकांचा ओला हात

बाबाराव काका आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा सासूबाईंनी दिलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी ते प्यायले आणि उरलेल्यात त्यांनी उजव्या हाताचा पंजा बुडवला. मग तो ओला हात पालथा करून आधी खिडकीसमोर धरला, मग दाराच्या फटीशी आणि शेवटी माझ्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. माणूस मशीन दुरुस्त करायला आलाय की भूत उतरवायला, हे त्यांना कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं.

"वारा कुठून येऊन राहिला अन् कुठं जाऊन राहिला, तेवढं कळलं की बस्स," काका म्हणाले.

काका मूळचे कूलरवाले. हिंगोलीत पत्र्याचे कूलर बनवायचे. पावसाळा लागला की हाताला काम नसे, म्हणून पन्नाशीत कॉम्प्युटर जोडायला शिकले. त्यात त्यांना काही नवल वाटत नसे. "कूलर काय अन् हे काय, खेळ वाऱ्याचाच," एवढं बोलून ते स्क्रू काढायला लागत.

मी सेनगावला घरी बसून पुण्याच्या एका ऑफिसचं काम करते. घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल, त्याचं चित्र कॉम्प्युटरवर तयार करायचं. एकेका चित्राला मशीन तीन-तीन तास सलग चालावं लागतं, आणि त्या उन्हाळ्यात माझं मशीन वीस मिनिटांत तापून बंद पडत होतं. शेवटी ऑफिसच्या सरांनी सांगून टाकलं, शनिवारी संध्याकाळपर्यंत चित्र आलं नाही तर सोमवारपासून पुण्यात येऊन बसा, नाहीतर दुसरं काम बघा. माझी ओवी तेव्हा दीड वर्षाची होती. तिला सासूबाईंजवळ ठेवून जायचं की नोकरी सोडायची, या विचाराने माझं जेवणावरून मन उडालं होतं.

माझ्या कॉम्प्युटरची पेटी मी हौसेने घेतलेली. पुढून काच, बाजूने काच, आत रंग बदलणारे दिवे. शेजारीच हळद पॉलिश करायचा ड्रम फिरायचा, त्यामुळे मार्च-एप्रिलात आमच्या घरात उशीपासून देवापर्यंत सगळ्यावर पिवळी धूळ. पेटीत ती जाऊ नये म्हणून सासूबाईंनी लोकरीचं झाकण विणलं होतं आणि मागच्या भोकांवर मी स्वतः प्लास्टिक चिकटवलं होतं. आपण किती काळजी घेतो, असं आम्हा दोघींनाही वाटायचं.

काकांनी ते झाकण काढलं, नीट घडी घातली आणि सासूबाईंच्या हातात दिलं. "वैनी, विणकाम एक नंबर. पण याला थंडी वाजत न्हाई." मग माझ्याकडे वळले. "माय, तीन पंखे दिले, अन् तिन्हीची तोंडं काचेला. वारा घेतील कुठून? आतलं सामान चांगलं हाय. पेटी तेवढी बदलू."

गुरुवारी आम्ही हिंगोलीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चकाकत्या पेट्यांची रांग लावली. काकांनी प्रत्येक पेटी उघडायला लावली, मला ओला हात धरून मागे उभं केलं, आणि स्वतः गुडघ्यावर बसून, पुढच्या बाजूला तोंड लावून जोरात फुंकर मारली.

"लागला का?"

"नाही."

पुढची पेटी. पुन्हा फुंकर. गिऱ्हाईकं गोळा झाली. दुकानदार म्हणाला, "काका, काहून माझ्या मालाला तोंड लावून राहिले? ही काय बासरी हाय का?" लाजेने माझा चेहरा तापला. काकांना मात्र कशाचंच काही नव्हतं. अगदी खालच्या फळीवरून त्यांनी एक काळी, बोजड, सगळ्यात स्वस्त पेटी ओढून काढली. पुढची अख्खी बाजू बारीक जाळीची. त्यांनी फुंकलं आणि माझ्या ओल्या हाताला स्पष्ट गारवा जाणवला.

"लागला!" मी दुकानात ओरडलेच.

"बराबर. हीच घ्या. पैसा घालायचा तो जाळीला अन् पंख्याला. काच न् दिवे लग्नात चांगले दिसतात."

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळं सामान नव्या पेटीत बसवलं. पुढून दोन पंखे वारा आत घेणारे, मागून एक बाहेर काढणारा. हळदीच्या धुळीसाठी जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावला आणि दर रविवारी तो धुवायचं काम सासूबाईंवर सोपवलं. शेवटी हात ओला केला, आणि नेमकी लाइट गेली. काका हात तसाच धरून थोडा वेळ उभे राहिले. मग शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून नाइलाजाने निघाले.

शुक्रवारी दुपारी मशीन पुन्हा बंद पडलं. अर्ध्या तासात. मी काकांना फोनसुद्धा केला नाही, इतकी चिडले होते. कूलरवाल्याच्या नादी लागले, असं म्हणून स्वतःलाच बोल लावला आणि खूप रडले. शनिवारी सकाळी बॅग काढली. मी साड्या भरत होते आणि ओवी एकेक बाहेर काढत होती.

तेवढ्यात दारात काका.

"न बोलावता आलो, माय. परवा लाइट नव्हती, हात धरून न बघता गेलो. ते काही मनाला पटंना."

मशीन सुरू करून त्यांनी पाठीमागे हात धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. "मीच येडा! मागचा पंखा उलटा बसवला. बाहेर काढायचा वारा आतच ढकलून राहिला." सासूबाईंसमोर त्यांनी चक्क कान धरले. चार स्क्रू काढले, पंखा फिरवून बसवला आणि माझा हात ओढून मागे धरला. चुलीसमोर लागते तशी ऊब हाताला लागली.

"निघून राहिला?"

"निघून राहिला, काका."

चित्र पूर्ण होईपर्यंत ते हलले नाहीत. जमिनीवर मांडी घालून बसले आणि ओवीला पेल्यात हात बुडवायला शिकवत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "आत घ्यायचं सगळ्यालेच जमतं, माय. बाहेर जायला वाट ठेवली का, ते बघत जा." दुपारी चित्र पुण्याला गेलं. सासूबाईंनी बॅगेतल्या साड्या न विचारताच कपाटात ठेवल्या. मी अजून सेनगावलाच आहे, आणि ती काळी पेटीही.

गेल्या एप्रिलात काका अचानक गेले. मी हिंगोलीला पोचले तेव्हा दुपार होती. छोट्या खोलीत बायका दाटीने बसल्या होत्या, मधे काकू, कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत. सकाळपासून एक टिपूस काढलेलं नाही, असं कोणीतरी माझ्या कानात सांगितलं. काकांनीच बनवलेला कूलर घरघरत होता, तरी जीव घाबरा होत होता.

मी काही ठरवून केलं नाही. माठातलं पाणी हातावर घेतलं, हात कूलरसमोर धरला, मग मागच्या खिडकीशी नेला. खिडकी उन्हासाठी घट्ट लावलेली होती. मी ती उघडली आणि हात तसाच धरून उभी राहिले. खोलीतली हवा हातावरून बाहेर निघाली.

वळले तर काकू माझ्या हाताकडे बघत होत्या. "असाच धरायचे," त्या म्हणाल्या. मी जवळ गेले. त्यांनी माझा ओला हात दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला, आणि त्यांना हुंदका फुटला.