हळू आवाजात बोलायची परवानगी

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. कुहीकडच्या खेड्यात बाबा धान पिकवतात. त्यांना सही येते, वाचता येत नाही. मला कधी शिकवणी लागली नाही, शेजारी बसून कोणी अभ्यास घेतला नाही. जे आलं ते माझं मला आलं. म्हणून ती मुलाखत आठवली की अजून तोंड कडू होतं.

पदवीनंतर मी नागपुरात बेसाला खोली करून राहत होते आणि दिवसभर शहरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात बसत होते. खाली पुस्तकं, वर अभ्यासिका, आणि अभ्यासिकेच्याच एका भिंतीला इंटरनेटचे संगणक. पाचातले दोन चालायचे. सभासदाला अर्धा तास, आणि बोलायला सक्त बंदी.

अशात मला एका विमा कंपनीच्या नागपूर कार्यालयातून मेल आला. पहिली चाळणी पार झाली होती, आता व्हिडिओवर मुलाखत. पक्की नोकरी होती, दर महिन्याला पगार बँकेत. मेलच्या शेवटी एक अट होती: उमेदवार कोणाची मदत घेताना दिसला तर उमेदवारी रद्द. ती अट मी कोणालाच वाचून दाखवली नाही. कशाला दाखवू? मी कोणाला मदत मागणारच नव्हते.

अडचण एवढीच की माझ्या मोबाइलचा पुढचा कॅमेरा फुटला होता. त्यात माणूस दुधात बुडाल्यासारखा दिसायचा. वाचनालयातल्या एका संगणकावर मात्र चांगला कॅमेरा बसवलेला होता. मी ग्रंथपाल सरांकडे गेले.

"हे वाचनालय आहे, टेलिफोन बूथ नाही," ते म्हणाले.

"मग सर, कॅमेरा कशाला बसवला?"

"संगणकासोबत आला, म्हणून बसवला."

"खाली पेपर वाचणारे काका रोज घोरतात सर. त्यांना चालतं, अन् मी बोललेलं चालत नाही?"

सर हसले नाहीत, पण विरघळले. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, हळू आवाजात, आणि वाचणाऱ्यांची हरकत नसेल तर.

वाचणाऱ्यांची हरकत कशी असणार? तिथे सगळेच नोकरीसाठी झुरणारे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर भंडाऱ्याकडची एक मुलगी बसायची. माझ्याहून मोठी, बऱ्याच वर्षांपासून स्पर्धा परीक्षा देणारी. तिला सगळे ताई म्हणायचे. माझी मुलाखत म्हणजे तिला घरचं लग्न झालं.

"ड्रेस कोणता घालून राहिली वं?"

"निळा."

"वरून चांगला घाल. खाली काही बी चालते, तिथलं कोणाले दिसते?"

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, लागली नोकरी तर तर्री-पोहे पक्के ना?"

"अन् नाही लागली तर?"

"तर आम्ही चारतो. पण तर्री कमी."

बुधवारी कोणी जेवायलाच गेलं नाही. ताईनं पंखासुद्धा हळू केला, आवाज येतो म्हणून. मी कानाला हेडफोन लावले आणि बसले.

समोर एक साहेब आणि एक मॅडम. ओळख इंग्रजीत विचारली, मी इंग्रजीत दिली. चिडलेला ग्राहक आला तर काय कराल, त्याचंही उत्तर दिलं. मॅडम मान हलवत होत्या. मग साहेबांनी विचारलं, दोन वेगवेगळ्या एक्सेल शीटमध्ये ग्राहकांची माहिती आहे, एकाची नेमकी पॉलिसी दुसऱ्या शीटमधून कशी काढाल?

मला येत होतं. हे सूत्र मी याच वाचनालयात याच संगणकावर शिकले होते. पण मोठ्या माणसानं विचारलं की आमच्याकडे फाडकन बोलत नाहीत. जरा थांबायचं, शब्द जुळवायचे, मग बोलायचं. मी तशी थांबले.

तेवढ्यात संगणकाच्या मागे काहीतरी हललं. माझी नजर वर गेली. ताई उभी होती. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत ते सूत्र. माझा आवाज ऐकून तिनं आणि आणखी दोघांनी प्रश्न ओळखला होता. कारण साहेबांचा प्रश्न नीट कळला की नाही हे बघायला मी तो मोठ्यानं म्हणून दाखवला होता.

मी नजर खाली आणली आणि उत्तर दिलं. पूर्ण, बरोबर.

साहेब म्हणाले, "तुमच्यासोबत कोण आहे?"

"सर, हे सार्वजनिक वाचनालय आहे. इथे लोक वाचत बसतात."

"कॅमेरा जरा फिरवा."

नाही म्हटलं असतं तरी तेच झालं असतं. मी कॅमेरा फिरवला. ताईनं पुठ्ठा पाठीमागे लपवला, आणि तो तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत राहिला. बाकीचे दोघं शाळेत पकडल्यासारखे उभे. घात व्हायला तेवढंच पुरे होतं. पण ताई वाकली, कॅमेऱ्यात तोंड घातलं आणि म्हणाली, "सर, शी इज व्हेरी गुड गर्ल, सर."

मॅडमना हसू आलं. साहेबांना नाही. थँक यू म्हणाले आणि पडदा काळा झाला.

त्या अभ्यासिकेत मी पहिल्यांदाच ओरडले. "मले येत होतं! तुले कोणी सांगितलं होतं?"

"तू गप्प झाली ना वं. मले वाटलं, अडकली."

"अडकली नव्हती! बोलून राहिली होती मी!"

"माझ्या तोंडी परीक्षेत मी अशीच गप्प झाली होती," ताई म्हणाली. "समोर कोणी एक शब्द बी सांगितला असता ना, तर आज मी इथं नसती."

सर जिना चढून वर आले. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. "आता कळलं, बोलायला बंदी का असते?" एवढंच म्हणाले.

उमेदवारी रद्द झाल्याचा मेल दुसऱ्या दिवशी आला. ताई म्हणाली, मी कंपनीला लिहिते, चूक माझी होती म्हणून. मी म्हटलं, तू आता काही म्हणजे काही करू नको. मीच लिहिलं. मला उत्तर येत होतं, हवं तर पुन्हा दहा प्रश्न विचारा, कुठेही बोलवा, येते. त्या मेलला कोणी उत्तर दिलं नाही.

सगळे मला समजावत होते, की तिनं मायेनं केलं. केलं असेल. पण मायेनं घालवलेली नोकरी काय अर्धीच जाते? आणि त्याहून जास्त झोंबलं ते दुसरंच. आयुष्यभर मी एकटीनं निभावलं, आणि त्या कंपनीच्या कागदावर मी दुसऱ्याच्या आधारानं पास होणारी ठरले.

रद्दचा मेल आला त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला होता.

"झालं का वं बाई?"

"नाही घेतलं."

"काहून? तुले आलं नाही का?"

"आलं बाबा. सगळं आलं. एका पोरीनं मागून उत्तर दाखवलं, अन् साहेबानं पाहिलं."

 बाबांनी विचारलं, "तुह्या ओळखीची होय का ती?"

"शेजारी बसते."

"मंग तिनं मदत केली, तर साहेबाले राग कायचा आला? धानाच्या रोवणीले माणूस कमी पडला तर आपण जातोच ना कोणाच्या बी बांधीत. तिले सांग, बाबानं घरी बोलावलं म्हणून. धान निघाले की ये म्हणा, पोरी."

मी हो म्हटलं. तो निरोप मी ताईला दिला नाही. तिच्या शेजारची खुर्ची सोडून मी खिडकीपाशी बसायला लागले, आणि पुढे दुसरीकडे बारीक पगाराची नोकरी मिळेपर्यंत तिच्याशी बोलले नाही. बाबा अजून विचारतात, ती भंडाऱ्याची पोरगी कधी येते म्हणून.