माझं पुस्तक, मामांचा माईक

रविवारी नगरला माझ्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन झालं. हॉल चक्क भरला होता... पण सांगायचंय ते वेगळंच.

माझे मामा पुणतांब्याला शेती करतात. लहानपणापासून बोलताना अडखळतात. एका शब्दावर थांबतात आणि मग उरलेलं वाक्य एका दमात बोलून टाकतात.

काही वर्षांपूर्वी मी टीव्हीवरची एक विनोदी मालिका लिहीत होते. चॅनेलला नवीन पात्र हवं होतं... मी मामांचं बोलणं उचलून दिलं. ते अडखळणं, ती मान हलवणं, सगळं जसंच्या तसं. पात्र तुफान चाललं. मला अवॉर्ड मिळालं, मुलाखती झाल्या, लोक सेल्फी मागायला लागले.

आणि तिकडे गावात लोक मामांना बघून त्या पात्राचे अडखळते डायलॉग मारायला लागले. एसटी स्टँडवर, सोसायटीच्या मीटिंगला, अगदी एका दशक्रियेतसुद्धा. मामांनी चारचौघांत बोलणंच सोडलं. हे मला मामीकडून कळलं, तेही फार उशिरा.

मी मालिका सोडून नगरला आले. क्लासमध्ये शिकवता शिकवता कादंबरी लिहिली... विनोदी मालिका लिहिणाऱ्या एका मुलीची, आणि तिने प्रसिद्धीसाठी वापरलेल्या तिच्या माणसाची.

छापायला देण्याआधी बाड घेऊन मामांकडे गेले. म्हटलं, "तुम्ही नको म्हणालात तर हे इथेच संपलं." त्यांनी आठ दिवस ठेवून घेतलं. मग फोन आला.

"छ... छाप. पन कार्यक्रमात त्यातलं मी वाचनार."

रविवारी मामा माईकसमोर उभे राहिले आणि पहिल्याच शब्दाला अडकले. मागून कुणीतरी हसलं.

मामांनी शांतपणे मान वर केली. "ह... हसा की. मला घाई न्हाई."

मग त्यांनी एसटी स्टँडचा प्रसंग वाचला. चार पानं, त्यांच्या वेगाने. कुणी जागचं हललं नाही. पुढे एक गमतीची ओळ होती, तिच्या आधी मामा मुद्दाम थांबले... आणि अख्खा हॉल हसला. यावेळी त्यांना नाही, त्यांनी हसवलं म्हणून. मामांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. वाचून झालं तेव्हा लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

नंतर सह्यांसाठी रांग लागली, ती मामांपुढे. ते सावकाश नाव लिहीत होते आणि मी शेजारी बसून एकेका पुस्तकाचं पहिलं पान उघडून देत होते. लेखक म्हणून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मामा, घरात माफी मागितली होती, पण तुमची चेष्टा सगळ्यांसमोर झाली होती... म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. माझं चुकलं. आणि रविवारसाठी, मनापासून थँक यू.