डॉक्टरांच्या टेबलावरची भाकर

धुळ्यात मला वाचवलं ते आमच्या खानावळीच्या अक्कांनी. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर मी माझ्या दुखण्यातच रमेन आणि त्या राहून जातील.

मी कोकणातला. सातवीत शाळा सुटली, आणि फिरत फिरत धुळ्याला कापसाच्या जिनिंगात लागलो. साखरेचा आजार निघाला तेव्हा पायाच्या अंगठ्याला जखम होती, महिना झाला तरी ओलीच. डॉक्टर साखरेची गोळी लिहून देत म्हणाले, "भात बंद. एका वेळी दोन भाकरी, जास्त नाही. साखर उतरली नाही तर अंगठ्याची खात्री देत नाही." माझं काम दिवसभर उभ्याचं. अंगठा गेला की नोकरी गेली. घरी काय तोंड दाखवू, हेच डोक्यात.

भात सोडला. दोन म्हणजे दोनच भाकरी. पुढच्या महिन्यात साखर होती तिथेच. "खोटं कशाला सांगता?" डॉक्टर चिडले. मी घाबरून संध्याकाळचं जेवणच बंद केलं, गोळी मात्र चालू. तिसऱ्या दिवशी सकाळी खानावळीच्या ओट्यावर चक्कर येऊन खालीच बसलो. अक्कांनी गोड चहा पाजला आणि सगळं विचारून घेतलं.

"दोनच भाकरी खास ना तू? मी वाढस, माले ठाऊक शे. चाल."

फडक्यात एक भाकर बांधून त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर, ताट भरून उरेल एवढी. ती थेट टेबलावर ठेवली.

"डॉक्टरभाऊ, हाई आमनी एक भाकर शे. तुमनी कितली मोठी ऱ्हास?"

डॉक्टर पुण्याकडचे, नवीनच आलेले. बघत राहिले, मग हसले. "अहो, यात आमच्या घरच्या तीन होतील!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं." डॉक्टर मला असं म्हणाले, हे आजही खरं वाटत नाही.

"आता अर्धीच खायची," ते म्हणाले.

"अर्धी भाकरवर हाऊ दिनभर उभा कसा ऱ्हाई?" अक्का हटेनात.

मग दोघांनी मिळून माझं ताट ठरवलं. भाकर अर्धीच, पण अर्धं ताट पालेभाजी, काकडी, मुळा. वाटीभर घट्ट वरण नाहीतर मटकी. दुपारी मूठभर फुटाणे. आणि गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही.

अक्का माझ्यासाठी वेगळी लहान भाकर थापू लागल्या. पंगतीत एकानं छेडलंच, "अक्का, हाई भाकर शे का पापड?"

"तू गप जेव. तुन्ह्या मोजाले बसू का?"

तो पाचव्या भाकरीवर होता.

दोन-अडीच महिन्यांनी जखम सुकली. अंगठा राहिला, कामही राहिलं.

अक्का अजूनही सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीपाशी उभ्या उभ्याच दोन घास खातात. एक दिवस त्यांना माझ्या गावी नेईन. पाटावर बसवीन, आई रांधेल, मी वाढीन, आणि त्यांचं जेवण पुरं होईपर्यंत त्यांना उठू देणार नाही.