दुर्गाआक्का आणि उजव्या पिळाचा शंख

दुर्गाआक्का शेवटची शांत कधी होती, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. आमचा बांधाला बांध लागून आहे, बोरगावच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला. पन्नास वर्षांत मी तिला चिडलेली पाहिलीय, फार चिडलेली पाहिलीय, आणि लग्नकार्यात तोंड दाबून चिडलेली पाहिलीय. चौथा प्रकार नाही.

माहेर शहापूरचं, विणकराचं. लहानपणी ती मागाच्या कांड्या भरायची. धागा दोन बोटांत धरून उलगडायचा आणि पीळ उजवा की डावा ते डोळे मिटून सांगायचं, हे तिच्या वडिलांनी तिला शाळेच्या आधी शिकवलं. सासरी आली तेव्हा इथले माग मोडीत निघाले होते आणि घर वीस गुंठ्यांतल्या तंबाखूच्या तरूवर आलं होतं. तरू म्हणजे रोपं. वाफ्यात वाढवायची आणि लावणीच्या वेळी शेतकऱ्यांना द्यायची.

पण बोटांतला पीळ गेला नाही. निपाणीत माझ्या मुलीच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही तिला नेलं, ही माझी चूक. दुकानदारानं साडी पसरली, आक्कानं काठाचा एक धागा ओढला, उलगडला आणि म्हणाली, "ह्यो दोन गिरण्यांचा माल एका साडीत घातलाय. पोरीच्या बापाला डोळं न्हाईत म्हणून का?" पोरीचा बाप म्हणजे मी. दुकानदारानं मागवलेला चहा परत पाठवला. आम्ही पाच दुकानं फिरलो आणि शेवटी साडी चांगली मिळाली, हे मात्र खरं.

तर तीच नजर तिनं गोगलगायींवर लावली. पावसाळ्यात वाफ्याच्या कडेला गोगलगायी येणारच. बाकीचे मीठ टाकून मोकळे होतात. ही आधी शंख बघणार. रिकामे शंख तिनं दारामागच्या फळीवर मांडून ठेवलेत. कुठली रोपं खाते, कुठली नुसता कुजका पाला खाते, तिला पाठ. कुणी सरसकट मीठ टाकताना दिसला की त्याची सात पिढ्यांची चौकशी व्हायची.

मागल्या वर्षी आमच्या वरच्या अंगाला महादेवच्या वावरात ती मोठी आफ्रिकेची गोगलगाय शिरली. पोत्यानं गोळा केल्या तरी संपेनात. लावलेली तंबाखू एका आठवड्यात बोडकी झाली. माणूस खचला, ते मी समजू शकतो. पण ह्या वर्षी त्यानं काय करावं? शेतीखात्याला अर्ज दिला की ही पीडा दुर्गाबाईच्या तरूबरोबर आली! अजून लिहिताना माझं डोकं तापतं. त्याच्या पोरीच्या बाळंतपणात आक्का बारा दिवस त्यांच्या घरी चूल सांभाळत होती. तेव्हाही चिडूनच, पण होती.

ऐन तरू तयार झालेलं. बारा वाफे, वीतभर उंच, हिरवेगार. चार दिवसांत माणसं न्यायला येणार. आणि शेतीखात्याचा तरुण साहेब कागद घेऊन आला. श्रेयस त्याचं नाव, बेळगावचा. कागदाचा मतलब असा, की आफ्रिकन गोगलगाय सापडली तर ह्या जागेतलं एकही रोप बाहेर जायचं नाही, सगळं उपटायचं. आक्काचं वर्षाचं खाणं त्या बारा वाफ्यांत उभं होतं.

पोरानं हातमोजे घातले, बांधावर तासभर फिरला आणि पिशवी भरून शंख आणले. मागोमाग महादेव. मी हद्दीवर उभा होतो, तो आत गेलो.

"आक्का, एकोणीस मिळाल्या," श्रेयस म्हणाला. "आफ्रिकनच."

"एकोणीस! मोजायला शिकवलं, बघाय न्हाय शिकवलं व्हय तुझ्या कॉलेजात?"

"मोठ्या आहेत, तपकिरी आहेत…"

"म्हस बी मोठी असती आन् हत्ती बी. आण हिकडं." तिनं एक शंख त्याच्या हातात कोंबला. "शेंडा वर धर. तोंड तुझ्याकडं कर. आता तोंड कुठल्या हाताला आलं?"

"डाव्या."

"आन् तुझ्या मोबाईलातल्या त्या आफ्रिकेच्या बाईचं?"

त्यानं मोबाईल काढला, चित्र मोठं केलं, मान वाकडी केली, सरळ केली. "उजव्या."

"मग? उजव्या पिळाची गोगलगाय म्हातारपणी डावी हुती का?"

महादेव मध्येच तोंड घातल्याशिवाय राहिला नाही. "शंख उलटा धरला की तोंड तिकडचं हिकडं येतंय की! ही काय परीक्षा हाय?"

"धागा उलटा धरला म्हणून पीळ बदलतोय व्हय रं? म्हणून तर शेंडा वर धर म्हटलं! माझ्या बापानं आंधळ्यांना शिकवलं असतं, पर तुला न्हाय!"

श्रेयसनं एकेक शंख शेंडा वर करून तपासला. सोळा डावे निघाले. तीन उजवे. तो जरा घाबरतच म्हणाला, "आक्का, ह्या तीन…"

"उजव्याच हायत. पर बशीगत चपट्या हायत का न्हाईत? तेल लावल्यागत चमकतात का न्हाईत? खाली पालथी करून बघ, मधी बारीक भोक हाय, बेंबीगत. तुझ्या त्या बाईला तिथं भोक नसतंय. ती उंच, शेंडा टोकदार, अंगावर उभं तपकिरी फराटं. आन् तोंडात बघितलं तर मधला खांब खाली कात्रीनं तोडल्यागत. महादेवच्या वावरात जाऊन बघितल्यात मी पोतंभर!"

पोरगा खाली मातीत बसला. सगळं चित्राशी ताडून बघितलं, कागदावर 'आढळली नाही' असं लिहिलं आणि सही केली. मला इतका आनंद झाला, की महादेवच्या तोंडाकडं बघत मी तंबाखू मळायला घेतली.

"बांधावर बघितलं," महादेव म्हणाला. "वाफ्याच्या डोक्याला ती पोती पडल्यात, त्याखाली कोण बघणार?"

"बघ की! सगळं बघ! माझी चूल बी बघ!" आक्का तणतणत वाफ्याकडं गेली. मी तिच्या मागं. तिथं भिजवलेल्या पोत्यांचा ढीग होता. आमच्याकडं तरू ओल्या पोत्यात गुंडाळून देतात. पोतं आक्काचं, कोपऱ्यावर नेणाऱ्याच्या नावाचं अक्षर निळ्या रंगात घातलेलं, आणि पुढच्या हंगामाआधी ते परत आलंच पाहिजे, हा तिचा दंडक. नाही आलं तर भर बाजारात उद्धार. आलेली पोती ती टाकीत बुचकळून वाफ्याशेजारी रचून ठेवते.

तिनं एक पोतं ओढून फेकलं. दुसरं फेकलं. तिसरं हातात धरून ती थांबली.

मला भीतीच वाटली.

पोत्याला एक गोगलगाय चिकटली होती, अंगठ्याएवढी. आक्कानं पदरानं ती सोडवली, शेंडा वर धरला. तोंड उजवीकडं. फराटे उभे. पालथी केली, भोक नाही. आतल्या खांबाचं टोक तोडल्यासारखं. दोनदा बघितलं तिनं. मग पोत्याच्या कोपऱ्यावर निळ्या रंगातला 'म' बघितला. महादेवला दिलेलं पोतं. तीन वेळा चारचौघांत शिव्या खाऊन त्यानं जूनमध्ये आणून टाकलेलं. त्याच्या घरामागच्या परड्यात वर्षभर पडलेलं.

म्हणजे पीडा इकडून तिकडं गेली नव्हती, तिकडून इकडं आली होती.

श्रेयस आणि महादेव वीस पावलांवर होते. मी हळू आवाजात म्हटलं, "आक्का, टाक चुन्यात, मरू दे. कागद झालाय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की अजून आठवलं तर अंगावर काटा येतो. "सुबराव, तुझ्या डोक्यात शेण भरलंय का?"

आणि ती खाली बसून शेजारच्या वाफ्याची माती बोटांनी उकरू लागली. चार बोटं खाली ज्वारीच्या दाण्यांएवढी पिवळट अंडी, मूठभर. पलीकडच्या वाफ्यात अजून एक पुंजका.

"सायेब! हिकडं ये!"

श्रेयस आला, त्यानं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. चांगल्या घरचा पोरगा. म्हणाला, "आक्का, दोन वाफ्यांतच आहे ना? एवढे दोन काढूया. बाकीचं राहू दे. मी कागदावर…"

"खोड ते."

"वर्षाचं तरू जाईल तुमचं."

"मला शिकीवतोस? आत्ता तासभर घसा फोडून तुला शंख वळखायला शिकीवलं ते कशापायी? माझ्या सोयीचं दिसंल तेवढंच वळखायला? ही अंडी मुळाच्या मातीसंगं जातील. तरू नेणाऱ्या हरिभाऊच्या वावरात जातील, संकेश्वरापतुर जातील. खोड म्हणते ना!"

त्यानं खोडलं.

मग ती महादेवकडं वळली आणि पोतं त्याच्या पायाशी टाकलं. त्यानं 'म' वाचला. "आक्का, मला काय म्हाईत… मी अर्ज…"

"तू गाढव हायसच. पर पोतं दे, पोतं दे म्हणून तुझ्या दारात कोण नाचलं? मीच ना? पोत्याचा धागा तेवढा बघितला मी, पोटात काय हाय ते बघितलं न्हाय! थू माझ्या जिनगानीवर!"

त्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतःवर चिडलेली मी पाहिली, आणि सांगतो, महादेववरच्या रागाहून तो राग मोठा होता. तिनं पदर खोचला, पहिल्या वाफ्यात उतरली आणि पहिली मूठ उपटली. वीतभर हिरवं तरू. उपटलं आणि माझ्याकडं फेकलं, पुरायला. दुसरी मूठ. तिसरी.

महादेव पाचव्या वाफ्यात उतरला, न विचारता. श्रेयसनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी खड्डा खणला, चुना आणला. दुपार कलेपर्यंत बाराच्या बारा वाफे काळे झाले.

मध्ये एकदाच तिचा आवाज चढला. श्रेयस मुळं तुटतील अशी रोपं ओढत होता.

"बुडाला धर, बुडाला! आन् माती झाडून बघ, नुसतं फेकू नगंस!" मग महादेवकडं बघून, "आन् तू, उद्या सकाळी सात वाजता माझी वाट बघायची. तुझं परडं दगड दगड उलथून बघणार हाय मी. चहा करून ठिव. बिनसाखरेचा केलास तर बघ."